कोपऱ्यातलं

दुर्बीण आमची नाही.
ज्यांची होती त्यांनी ती रोखली
कुठल्याशा दांडग्या ताऱ्यावर, कुणाच्या तरी कृष्णविवरावर,
आणि काम झाल्यावर फोटो मागे ठेवून गेले.
आम्ही त्यातले कोपरे मागून घेतो.

लग्नाच्या अल्बममध्ये नवरानवरी सोडून
मागे कोण कोण उभं होतं तेच बघत बसावं,
तसलं हे काम.
पगार मिळतो.

फाल्मर स्टेशनावरून चढ चढून आलं
की तिसऱ्या मजल्यावर बिनखिडकीची खोली.
लुईसमधली माझी घरमालकीण, मिसेस पेनफोल्ड,
रोज सकाळी विचारते, काल रात्री काही दिसलं का?
मी सांगते, रात्री मी झोपते.
तिला आपण फसवले गेलो असं वाटतं.

रात्री जागतो तो प्रोग्रॅम. चाळण मारतो
आणि सकाळी टोपली भरून ठेवतो:
ठिपके, डाग, ओरखडे, यंत्राच्या शिंका.
मॉर्वेना आणि मी एकेक निवडतो.
ठिपका टोकदार असेल तर नाही,
तो एकटाच कुणीतरी.
कडा विरघळलेल्या असतील,
गरम दुधात सोडलेल्या केशरासारख्या,
तर थांबायचं.
हो. नाही. बघू.
सगळ्यात जाड फाईल 'बघू'ची.

पुंजका म्हणजे काय, ते मला आधी चुकीचंच कळलं होतं.
शंभर-पाचशे दीर्घिका एकत्र, म्हणजे गाव;
घरं मोजली की गाव मोजून झालं.
पण क्ष-किरणांत घरं फारशी दिसतच नाहीत.
दिसते ती घरांमधली जागा:
कोटी कोटी अंशांना तापलेला वायू,
इतका विरळ की आपल्याकडे त्याला सरळ रिकामं म्हणतील,
आणि तरी सगळी घरं एका पारड्यात टाकली
तर हे रिकामंच जड भरतं.
त्याहूनही जड जे आहे
ते अजून कुणालाच दिसलेलं नाही.
त्याच्यासमोर आम्ही एक आकडा लिहितो
आणि जेवायला जातो.

तीनशे सतरा नंबर मी स्वतः 'नाही'त टाकला होता.
फेब्रुवारीत. सर्दी झाली होती, हीटर बंद होता.
प्रकाशाचे मोजून तीसेक कण, तेही विस्कटलेले,
बशीच्या काठाला राहिलेल्या साखरेएवढे.

ऑगस्टमध्ये मॉर्वेनाने तो परत वर काढला.
बोलली काही नाही, फक्त स्क्रीन माझ्याकडे वळवला.
चिलीतल्या एका मोठ्या आरशाने
नेमक्या त्याच जागी टिपले होते
लालसर दाणे, दाटीवाटीने.
मी मोजले. अकरा.
चष्मा पुसून मोजले. एकोणीस.

तिथून हा उजेड निघाला तेव्हा सूर्य नव्हता.
पृथ्वी नव्हती, फेब्रुवारी नव्हता,
नाही म्हणायलासुद्धा कुणी नव्हतं.
नऊ अब्ज वर्षं तो वाटेत होता
आणि दुसऱ्याच कुणाच्या फोटोत,
अगदी काठाशी,
कसाबसा मावला.

"सर्दी होती ना तुला," मॉर्वेना म्हणाली,
आणि नंबर 'हो'त सरकवला.
'नाही'च्या फाईलमध्ये अजून चार हजार दोनशे आहेत.
सोमवारी ती पहिल्यापासून उघडायची, असं ठरलं.
ठरवलं कुणी, ते आठवत नाही.

संध्याकाळी आठला अजून ऊन होतं.
मिसेस पेनफोल्ड वाटाणे सोलत मागच्या दारात बसली होती.
तिने विचारायच्या आत मी म्हटलं, दिसलं.
कुठे?
खरं तर त्या वेळी तो क्षितिजाच्या खाली होता,
आणि आभाळ पांढरंशुभ्र.
तरी मी बोट केलं,
शेजाऱ्यांच्या धुराड्याच्या जरा डावीकडे.
तिने मांडीवरचं भांडं खाली ठेवलं,
लांबचा चष्मा लावला
आणि बराच वेळ तिकडे बघितलं.
धुराड्यावर एक सीगल होता, तो उडाला.
त्यानंतरही ती बघतच होती.